दाखला कशाला? बूट घाला

आपल्या तरुणांना एक खोड लागली आहे. कुठेही जायचं म्हटलं की आधी खिशातून दाखला काढायचा. कॉलेजच्या मुलांनी किल्ल्यावर ट्रेकला बोलावलं की आपल्याला शिवरायांच्या आरमारातला दौलतखान आठवतो. दौलतखान खरा होता आणि त्याचा मलाही अभिमान आहे. पण डोंगर चढायला त्याची चिठ्ठी कशाला हवी? बरोबरची बाकीची मुलं कोणाची चिठ्ठी घेऊन चढतात?

कंपनीच्या कामासाठी इंग्लंडमध्ये असताना मला याचं उत्तर सापडलं. वोकिंगमधल्या एका स्थानिक गटाबरोबर मी रविवारी दिवसभराच्या पायपिटीला गेलो होतो. आम्ही अठरा जण होतो. बहुतेक निवृत्त लोक, दोन नर्स, आणि मुसलमान मी एकटा. स्टेशनाजवळच शाहजहान मशीद आहे. भोपाळच्या शाहजहान बेगमांच्या पैशातून ती 1889 साली उभी राहिली. तिथून कालव्याच्या काठाने आम्ही हॉर्सेल कॉमनवर आलो. थोडं पाइन आणि बर्चचं जंगल, मध्येच उघडा वालुकामय माळ, गुडघ्याएवढी जांभळ्या फुलांची हेदरची झुडपं. अशा माळाला तिकडे हीथ म्हणतात. कोकणातल्या सड्यावर पावसाळ्यानंतर फुलं येतात तेव्हा असाच काहीसा रंग दिसतो, फक्त इथे पायाखाली कातळाऐवजी वाळू असते.

हा माळ आपोआप टिकलेला नाही. हजारो वर्षं माणसांनी झाडं तोडली, गुरं चारली, सरपण नेलं म्हणून तो उघडा राहिला. हात थांबले की बर्चची रोपं वर येतात आणि बघता बघता जंगल होतं. म्हणून आज तिथे स्वयंसेवक जाऊन रोपं उपटतात. हॉर्सेलची जमीन सरकारची नाही, एका स्थानिक संस्थेची आहे. आमच्यातल्या एका बाई कित्येक हिवाळे हे काम करत आल्या होत्या. त्या पायवाटेवर त्या इतक्या हक्काने चालत होत्या की बघत राहावं.

याच कॉमनवर, झाडांच्या आडोशाला, विटांच्या भिंतीचं आणि कमानीच्या दाराचं एक कब्रस्तान आहे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन इंग्लंडमधल्या इस्पितळांत मरण पावलेल्या हिंदी मुसलमान सैनिकांसाठी ते बांधलं गेलं. आता तिथे बाग आहे आणि 27 सैनिकांची आठवण जपली आहे. कबरी मात्र नाहीत. जागेची नासधूस होऊ लागल्यावर 1960 च्या दशकाच्या अखेरीस अवशेष ब्रुकवूडच्या लष्करी स्मशानभूमीत हलवले गेले.

जरा थांबून विचार करा. साम्राज्यासाठी जीव देण्याहून मोठा दाखला कोणता असेल? तोही तिथे पुरला नाही. सांडलेल्या रक्ताने त्या भिंतीसुद्धा सांभाळल्या नाहीत. नंतर लोकांनी लक्ष घातलं, पैसा आणि कष्ट लावले, तेव्हा कुठे 2015 मध्ये ती जागा बाग म्हणून पुन्हा उभी राहिली. आज तिथून रोज माणसं जातात, कुत्री फिरवतात, बाकावर बसतात. जागा जिवंत ठेवली आहे ती या येण्याजाण्याने.

इंग्लंडमध्ये 2000 च्या कायद्याने नकाशावर नोंदलेल्या डोंगरांवर, हीथवर, सामायिक जमिनींवर पायवाट सोडूनही चालण्याचा हक्क मिळाला. जंगलाला तो सरसकट लागू नाही. या हक्कामागे 24 एप्रिल 1932 चा किंडर स्काउटवरचा मोर्चा आहे. शेकडो कामगार तरुण जमीनदारांच्या शिकारीच्या माळावर जाणूनबुजून घुसले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन वीस वर्षांचा ज्यू मुलगा होता. चार महिने तुरुंगात गेला. हा डोंगर ज्यूंचा आहे का, हे त्याने आधी सिद्ध केलं नाही. मँचेस्टरच्या इतर पोरांबरोबर तो चढला.

कुणी म्हणेल, सोपं आहे का हे? नाही. 2021 च्या नाताळात ब्रिटनमध्ये ‘मुस्लिम हायकर्स’ गट डोंगरावर गेला, तेव्हा फोटोंखाली लोकांनी गरळ ओकली. आपल्याकडेही काही ट्रेक ग्रुपमध्ये नाव ऐकून गप्प होणारे चेहरे असतात. डब्यात काय आणलंय, असं मलाही एकदा नको त्या सुरात विचारलं गेलं. म्हणून काही मित्र म्हणतात, आपण आपला वेगळा ग्रुप काढू. सुरुवातीला भीड मोडायला काढा, हरकत नाही. पण तिथेच थांबलात तर मोहल्ला फक्त डोंगरावर नेलात, एवढंच होईल.

आणि घरचे अडथळे? नमाजचं कारण मला मुळीच पटत नाही. त्या दिवशी जोहरची वेळ झाली तेव्हा मी गटप्रमुखांना सांगितलं. त्यांनी विचारलं, किती मिनिटं? दहा म्हटल्यावर बाकीच्यांनी थर्मास उघडले. कुरआन जमिनीवर फिरून डोळे उघडे ठेवायला वारंवार सांगतो. तो हुकूम फक्त मुलग्यांसाठी आहे, असं मी तरी कुठे वाचलं नाही. तरी भाऊ राजगडावर जातो आणि बहिणीला ‘उन्हात काळी होशील’ म्हणून घरी बसवतात. बदनामीची भीती तिला, सेल्फी याला! आपल्या चळवळीने तलाकवर इतकी वर्षं बोलून झाल्यावर रविवारच्या सकाळीबद्दलही बोलायला हवं.

पाऊस ओसरला की गावोगावचे ग्रुप सड्यांवर, टेकड्यांवर निघतात. यादी फिरते, त्यात नाव, फोन आणि रक्तगट लिहायचा असतो. स्वतःचं नाव लिहा आणि पेन बहिणीच्या हातात द्या.