नाग हवा, विष नको

जून २०२१च्या अखेरीस अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या राजधानीत, रालीमध्ये, एका घराच्या ओसरीवर झेब्रा कोब्रा दिसला. आफ्रिकेतला हा नाग नुसता चावत नाही, लांबूनच डोळ्यांवर विषाची पिचकारी मारतो. जवळच्याच एका हौशी सर्पपालकाच्या घरातून तो आदल्या नोव्हेंबरातच निसटला होता आणि मालकाने ते अधिकाऱ्यांना कळवलेही नव्हते. नाग हाती लागेपर्यंत दोन दिवस वस्तीचा जीव टांगणीला लागला. याच मालकाला त्या मार्चमध्ये त्याच्याकडच्याच ग्रीन मांबाने दंश केला होता आणि त्यासाठीचे प्रतिविष साउथ कॅरोलायनातील रिव्हरबँक्स प्राणिसंग्रहालयाने पुरवले होते.

असे काही घडले की कुणीतरी विचारतेच, सापाचे विषच काढून टाकले तर? अमेरिकेतल्या हौशी सर्पपालकांना हा उपाय फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शस्त्रक्रियेने विषग्रंथी काढलेल्या किंवा ग्रंथीपासून विषदंतापर्यंतची नळी तोडून बांधलेल्या सापाला तिथे ‘व्हेनोमॉइड’ म्हणतात. रॅटलस्नेकच्या कुळातल्या सापांची विषनळी विजेच्या चटक्याने बंद करण्याची पद्धत १९४० सालीच न्यूयॉर्क झूऑलॉजिकल सोसायटीच्या ‘झूऑलॉजिका’ नियतकालिकात छापून आली होती. प्रयोगशाळेतली ही युक्ती पुढे दिवाणखान्यात आली. फणा तोच, फुत्कार तोच. आतले फक्त एक इंद्रिय कमी.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. गारुडी विषदंत उपटायचा. सापाचे विषदंत पुन्हा उगवतात, म्हणून तो पुन्हा उपटायचा; काही जण तोंडही शिवून टाकायचे. तोंड चिघळायचे, साप खाणे सोडायचा आणि मरायचा. मग टोपलीत दुसरा यायचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा धंदा गुन्हा ठरवला. पुढे बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवण्यालाही मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. गारुड्यापाशी निदान पोटाचे कारण होते. काचेच्या उबदार पेटीत कोब्रा ठेवणाऱ्या अमेरिकी हौशी माणसापाशी तेही नाही. तरी भटक्या गारुड्याला आपण क्रूर म्हणतो आणि स्वच्छ टाके घातलेला साप मात्र आधुनिक वाटतो, हे जरा गमतीचेच.

समर्थकांचे म्हणणे मात्र ऐकून घ्यायला हवे. घरात मुले असतात, शेजार असतो. साप चावला तरी कुणी मरू नये, यात वाईट काय? शाळांमधून सापांची प्रात्यक्षिके दाखवणाऱ्यांनाही हा युक्तिवाद सोयीचा पडतो. विरोधक त्यावर सांगतात की विष म्हणजे सापाच्या पचनाची सोय, ते काढले तर त्याला अन्न पचणार नाही. हा मुद्दा वाटतो तेवढा पक्का नाही. मार्शल मॅक्यू यांनी २००७ मध्ये वेस्टर्न डायमंडबॅक रॅटलस्नेकवर केलेल्या अभ्यासात विष टोचलेले भक्ष्य दिल्याने पचन सुधारल्याचे आढळले नाही. कच्च्या मुद्द्यावर भांडण उभे केले की ते हरायला सोपे जाते.

विषाची खरी गंमत दुसरीकडे आहे. हा रॅटलस्नेक उंदराला चावतो आणि लगेच सोडून देतो. उंदीर पळतो, कुठेतरी कोसळतो. साप सावकाश जीभ लवलवत माग काढतो. आजूबाजूला दुसऱ्याही उंदरांचे वास असतात, तरी तो नेमका आपणच चावलेल्या उंदरापाशी पोचतो. स्टीफन मॅकेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याचे कारण दाखवून दिले. विषातली विशिष्ट प्रथिने भक्ष्याचा वास बदलतात आणि साप तो बदल ओळखतो. म्हणजे विष त्याचे हत्यार आहे आणि मागावर राहण्याची खूणही. पिंजऱ्यात मेलेला उंदीर चिमट्याने समोर धरला जातो, तिथे माग काढायचाच नसतो, हे खरे. पण मग ज्या प्राण्याचे सगळे वागणे या एका गोष्टीभोवती घडले आहे, तो पाळायचा कशासाठी?

आणि दुखण्याचे काय? सापाचे दुखणे ओळखता येणे कठीण, ते शमवणे त्याहून कठीण. विस्कॉन्सिन विद्यापीठातले पशुवैद्य कर्ट स्लॅडकी यांच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मॉर्फिनने बिअर्डेड ड्रॅगन सरड्याच्या वेदना कमी झाल्या, पण कॉर्न स्नेकवर मॉर्फिन चाललेच नाही. तिथे ब्युटॉर्फेनॉल या दुसऱ्या वेदनाशामकाचा मोठा डोस लागला. तज्ज्ञांपुढे असा गुंता असताना ही शस्त्रक्रिया पशुवैद्य नसलेल्या हातांनीही झालेली आहे. कधी कधी तर सापाला नुसते थंडगार करून. थंडीने साप निपचित पडतो, पण म्हणून त्याला दुखत नाही असे नाही.

कायद्याला हे सहसा दिसतच नाही. अमेरिकेचा १९६६चा केंद्रीय प्राणी कल्याण कायदा उष्ण रक्ताच्या प्राण्यांपुरता आहे. साप त्याच्या व्याख्येतच बसत नाही. राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत, पण विषारी सापाबद्दलचे बहुतेक नियम माणसाला काय होईल एवढेच विचारतात. याच देशात न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये मांजरीची नखे मुळासकट काढण्यावर बंदी घातली. सोफा फाटू नये म्हणून जनावराची बोटे छाटायची नाहीत, हे तिथे लोकांना पटले. मग फणा मिरवायला मिळावा म्हणून डोक्यातली ग्रंथी कापणे कोणत्या न्यायाने चालते? ब्रिटनच्या २००६च्या कायद्याने पाठीचा कणा असलेल्या सगळ्याच प्राण्यांना व्याख्येत घेतले आणि उपचाराचे कारण नसताना त्यांच्या अवयवांची काटछाट करणे गुन्हा ठरवले. तिथे सापाला वेगळी वागणूक नाही.

ज्या सुरक्षिततेसाठी हे सगळे करायचे, तीही पक्की नाही. ग्रंथीचा तुकडा मागे राहू शकतो, नळी पुन्हा जुळू शकते. ऑपरेशन झालेल्या सापाच्या अंगावर ‘बिनविषारी’ असा शिक्का नसतो, आणि साप हातोहात विकले जातात. तिसऱ्या मालकाला पहिल्याने जे सांगितले तेवढेच ठाऊक. असा साप चावला आणि माणूस म्हणाला, ‘याचे विष काढलेले आहे’, तर आपत्कालीन कक्षातल्या डॉक्टरने त्यावर विसंबायचे? मायामी-डेड अग्निशमन दलाने परदेशी सापांच्या दंशासाठी प्रतिविषाचा वेगळा साठा ठेवला आहे. तिथल्या जवानालाही प्रत्येक कोब्रा विषारी धरूनच चालावे लागणार.

फ्लोरिडात विषारी साप पाळण्याच्या परवान्यासाठी किमान १००० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. त्याच फ्लोरिडात बिल हास्ट यांनी मायामी सर्पेंटेरियम चालवले. त्यांना दीडशेहून अधिक वेळा सर्पदंश झाला, आणि २०११ मध्ये ते वयाच्या शंभराव्या वर्षी वारले. आपल्याकडे १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले. हे अनुकरण करण्याजोगे नाहीच. पण दोघांनी साप जसा आहे तसा मानला आणि त्याचा धोका स्वतः पत्करला. व्हेनोमॉइड घेणाऱ्याला तो धोका नको असतो, त्याची ऐट मात्र हवी असते. निरुपद्रवी सापच हवा असेल तर अमेरिकेत कॉर्न स्नेक आहे, बॉल पायथन आहे. दोन्हींची पैदास बंदिवासात होते, दोन्ही हाताळायला सोपे. त्यांना पाहून पाहुणे किंचाळत नाहीत, एवढीच त्यांची उणीव.

मार्ग फार अवघड नाही. राज्यांच्या पशुवैद्यक मंडळांनी उपचाराचे कारण नसलेल्या या शस्त्रक्रियेला मांजरीच्या नखांप्रमाणे मनाई करावी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनांनी असे साप विकायला जागा देऊ नये. जे आधीच कापले गेले आहेत ते अनेक वर्षे जगतील. त्यांना विषारी सापांच्याच परवान्याखाली, कुलूपबंद पेटीत आणि जातीचे नाव लिहूनच ठेवायला लावावे.