ओसरीवरून : गुरुपूजेस एक दिवसाची सुटी

शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा गुरूनें धरावी, असें आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. गुरूचें कर्तव्य त्यांत आलें. परंतु ज्याला आपण देव मानतों त्याच्याशींच झुंजतांना शिष्यानें मनाची तयारी कशी करावी, तें त्यांत येत नाहीं. या महिन्यांत वाचकांपुढें जी हकीकत ठेवावयाची आहे ती या दुसऱ्या प्रश्नासंबंधीं आहे. ती शास्त्रांतील नव्हे, खेळांतील आहे. जपानच्या राष्ट्रीय बेसबॉल संघाची ती हकीकत होय.

हा खेळ आपल्या घरांतून फारसा परिचयाचा नाहीं, म्हणून आधीं दोन शब्द. क्रिकेटप्रमाणें यांतहि एक जण चेंडू फेकतो व दुसरा तो दांड्यानें टोलवितो. फेकणाराला पिचर म्हणतात. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू. चौकोनाच्या कोपऱ्यांवरील ठाणीं क्रमानें गांठून खेळणारा मूळ जागीं परत आला कीं एक धांव होते. तीन गडी बाद झाले कीं पाळी संपते आणि अशा नऊ पाळ्यांचा सामना असतो. क्रिकेटमध्यें एखादा फलंदाज दिवसभर खेळपट्टीवर ठाण मांडूं शकतो. येथें उत्तम फलंदाजहि दहांतून सहा-सात वेळां रित्या हातानें परततो. पराभव पचविणें हा या खेळांतला नित्यपाठच आहे.

जपानांत हा खेळ नेला तो एका शिक्षकानें, याचा आम्हां पंतोजींना थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी. होरेस विल्सन नांवाचे अमेरिकन गृहस्थ टोकियोंतील एका सरकारी विद्यालयांत शिकवीत असत. १८७२ च्या सुमारास त्यांनीं विद्यार्थ्यांच्या हातीं हा चेंडू-दांडू दिला. शिष्यवर्ग तयारीचा निघाला. पुढें या खेळाला ‘याक्यू’ म्हणजे मैदानावरचा चेंडू असें स्वभाषेंतील नांव मिळालें; आणि १८९६ सालीं टोकियोच्या फर्स्ट हायर स्कूलच्या विद्यार्थ्यांनीं योकोहामा येथें राहणाऱ्या अमेरिकनांच्या संघाचा २९-४ असा धुव्वा उडविला.

परंतु ते होते हौशी रहिवासी. खरे गुरु आले ते १९३४ सालीं. बेब रूथ, लू गेरिग इत्यादि अमेरिकेचे नामांकित व्यावसायिक खेळाडू जपानच्या दौऱ्यावर आले आणि त्यांच्याविरुद्ध जपानच्या निवडक संघाला एकहि सामना जिंकतां आला नाहीं. तथापि शिझुओका येथें एक नवल घडलें. एइजी सावामुरा या सतरा वर्षांच्या पोरानें गेरिंजर, रूथ, गेरिग आणि फॉक्स या चार दिग्गजांना ओळीनें बाद केलें. गेरिगच्या एका टोल्यानें जपान तो सामना १-० असा हरला. पण जपानी माणूस तो पराभवच प्रेमानें आठवतो. हाच सावामुरा १९४४ सालीं, अमेरिकेशीं युद्ध चालू असतां, जहाज बुडून सत्ताविसाव्या वर्षीं गेला. जपानांतील श्रेष्ठ पिचरला मिळणारें पारितोषिक त्याच्याच नांवानें दिलें जातें.

ऑलिंपिकमधील इतिहास थोडक्यांत सांगतों. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें हा खेळ केवळ प्रदर्शनार्थ होता. तेव्हां जपाननें अंतिम सामन्यांत अमेरिकेला हरविलें. पुढें १९९६ सालीं क्यूबानें त्याला रौप्यपदकावर थांबविलें, आणि २००८ सालीं बीजिंगहून व्यावसायिक खेळाडूंचा बलाढ्य संघ पदकावांचून परतला. सुवर्णपदक मिळालें तें २०२१ सालीं, अमेरिकेवर २-० असा विजय मिळवून. आणि तेंहि योकोहामा शहरांतच!

दरम्यान २००६ सालीं ‘वर्ल्ड बेसबॉल क्लासिक’ ही जागतिक स्पर्धा सुरू झाली. त्या वर्षीं जपानचा संघ कोरियाकडून दोनदां व अमेरिकेकडून एकदां असा तीन वेळां हरला. मेक्सिकोनें अमेरिकेला हरविल्यामुळें व धांवांच्या हिशेबामुळें तो कसाबसा पुढें सरकला. त्याच कोरियाला त्यानें उपांत्य सामन्यांत ६-० असें नमविलें आणि अंतिम सामन्यांत क्यूबाला १०-६ असें जिंकून अजिंक्यपद मिळविलें. मार्गदर्शक होते ८६८ होमरन मारणारे सादाहारु ओ. २००९ सालीं पुन्हां तेंच पद मिळालें. पण पुढच्या दोन्ही खेपांस उपांत्य फेरींत माघार घ्यावी लागली.

आतां मूळ मुद्याकडे येतों. २०२३ सालीं मायामी येथें अंतिम सामना अमेरिकेशीं होता. समोर उभे असलेले खेळाडू म्हणजे जपानी तरुणांचीं दैवतें. सामन्यापूर्वीं शोहेइ ओतानीनें सोबत्यांना सांगितलें, कीं यांचें कौतुक करीत बसाल तर यांच्यापुढें जातां येणार नाहीं. तेव्हां फक्त आजच्या दिवसापुरतें कौतुक बाजूस ठेवा. शेवटच्या पाळींत ३-२ अशी एका धांवेची आघाडी असतां तो स्वतः चेंडू फेकावयास आला. दोन गडी बाद झाल्यावर समोर आला माइक ट्राउट, त्याच्याच अमेरिकन क्लबांतील सहकारी. ओतानीनें त्याला बाद केलें आणि पहिल्या पांच स्पर्धांपैकीं तीन जपानच्या पदरीं पडल्या.

यांतील ‘आजच्या दिवसापुरतें’ हे शब्द मला मोलाचे वाटतात. आदर टाकून द्या असें तो म्हणाला नाहीं. सामन्याच्या वेळेस तो आड येऊं देऊं नका, एवढेंच म्हणाला. उद्धटपणा आणि बरोबरी यांत हेंच अंतर आहे.

कालचक्र मात्र येथें थांबलें नाहीं. तैवान बेट १८९५ ते १९४५ पर्यंत जपानच्या अमलाखालीं होतें आणि तेथें हा खेळ रुजला तो जपान्यांमुळें. १९३१ सालीं तेथील कानो या कृषिविद्यालयाचा संघ जपानांतील कोशिएन स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला आणि ४-० असा हरला. २०२४ च्या नोव्हेंबरांत टोकियो येथें ‘प्रीमियर बारा’ स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत तैवाननें जपानला ४-० असेंच हरविलें. सत्तावीस आंतरराष्ट्रीय सामने सतत जिंकत आलेला जपान आतां गुरूच्या आसनावरून हरला होता.

आपल्या घरांतील मुलांनीं वडीलधाऱ्यांचा मान राखावा असें आपणांस वाटतें, तें योग्यच आहे. पण बुद्धिबळाच्या पटावर नातू जर आजोबांचा वजीर दिसत असूनहि मारीत नसेल, तर आजोबांनींच पट क्षणभर थांबवून त्याला सांगावें, “बाळ, नमस्कार डाव संपल्यावर कर, आतां वजीर घे.”