शतपावली, चहलकदमी आणि मशिदीतल्या खुर्च्या

मी लहान होतो तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत एकच खुर्ची होती. लाकडी, बिनहाताची. लकव्यातून उठलेल्या एका वयस्कर चाचांसाठी ती ठेवलेली असे. ते आले नाहीत की खुर्ची कोपऱ्यात रिकामी पडून राही. मागच्या जुम्म्याला मी सहज खुर्च्या मोजल्या. सफीच्या दोन्ही टोकांना मिळून बावीस भरल्या. त्यावर बसलेल्यांत दोघे माझ्या वर्गातले होते. मशिदीमागच्या पडीक जागेत माझ्याबरोबर टेनिस बॉलचे क्रिकेट खेळलेले.

आजारी माणसाला बसून नमाज पढण्याची सवलत शरियतनेच दिली आहे. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. कोणाचा गुडघा किती दुखतो ते ज्याचे त्यालाच ठाऊक. माझा प्रश्न वेगळा आहे. पंचेचाळिशीचा माणूस त्या खुर्चीपर्यंत पोहोचतो कसा?

उत्तराचा एक भाग मशिदीच्या दारातच उभा असतो. ओळीने लावलेल्या मोटारसायकली. घरापासून मशीद तीनशे पावलांवर, पण आम्ही गाडीला किक मारतो. मीही मारत होतो. सकाळी गाडीवरून शाळा, शाळेत ऑनलाइन माहिती भरण्यासाठी संगणकासमोर, दुपारी पेपर तपासायला टेबलाशी, रात्री मोबाइल घेऊन दिवाणावर. मास्तर म्हणजे दिवसभर उभा राहणारा माणूस, असा माझा स्वतःबद्दलचा समज होता. एका रविवारी हिशेब मांडला तेव्हा बसण्याचे तास दहाच्या वर गेले.

बसून काम करणाऱ्यांचे दुखणे जुने आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. शिंपी, चांभार अशी दिवसभर वाकून बसणारी माणसे त्याने त्यात पाहिली आणि निदान सुटीच्या दिवशी तरी त्यांनी अंग हलवावे, असे सुचवले. आपल्या मोहल्ल्यांत शिलाई, जरी, विडी ही कामे पिढ्यानपिढ्या चालत आली आहेत. म्हणजे रामाझ्झिनीने लिहिले ते आपल्याच आजा-आजीबद्दल, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाडी तीच, रस्ता तोच, शहराची हवा तीच. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि झाला तरी तो कमी जीवघेणा ठरला. शंका काढणाऱ्यांनी विचारले, जाड माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिसने ते प्रामाणिकपणे तपासले. ड्रायव्हरांच्या गणवेशाच्या विजारी सुरुवातीपासूनच कमरेला मोठ्या होत्या, हेही त्यानेच मांडले. पण पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांची तुलना केली, तेव्हाही पारडे चालणाऱ्यांकडेच झुकले. त्यानंतर सत्तर वर्षांत असंख्य अभ्यास झाले आणि मूळ मुद्दा टिकून राहिला.

शरीरात होते काय? आपल्या मांड्या आणि पोटऱ्या हे साखर खर्च करणारे सर्वांत मोठे स्नायू. ते हलतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची वाटही फारशी पाहत नाहीत. आपण तासन् तास बसलो की हे स्नायू जवळजवळ झोपी जातात. जेवणातून आलेली साखर आणि चरबी रक्तात रेंगाळते. पोटरीचा स्नायू आवळला की पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. तो पंप बंद पडला की संध्याकाळी पाय जड होतात, सुजतात. मांडीचे स्नायू दुबळे झाले आणि वजन वाढले की सगळा भार गुडघ्यावर येतो. वय, जुनी दुखापत, घराण्यातला आजार ही कारणेही असतात. पण खुर्चीकडे जाणारी वाट पुष्कळदा खुर्चीतूनच निघते.

इथे एक वाक्य हमखास ऐकू येते. "सर, पाच वेळची नमाज हाच आपला व्यायाम." मी स्वतः हे वाक्य पुष्कळ वेळा बोललो आहे. आता थोडा विचार करून बोलतो. दिवसाच्या फर्ज रकाती सतरा, प्रत्येक रकातीत दोन सजदे. म्हणजे चौतीस वेळा माणूस जमिनीपर्यंत वाकतो आणि उठतो. सुन्नत-नफिल धरल्या तर त्याहून जास्त. बसण्यात पाच वेळा खंड पडतो, हा फायदा लहान नाही. पण नमाजेत श्वास वाढत नाही, घाम येत नाही, आणि तसे अपेक्षितही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले की, प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे तरी झपझप चालण्याइतके श्रम करावेत. नमाज इबादत आहे. तिच्यावर व्यायामाची जबाबदारी ढकलणे इबादतीलाही शोभत नाही आणि शरीरालाही पुरत नाही. मशिदीत पायी गेलो तर मात्र दोन्ही साधते.

आता घरातली गोष्ट सांगतो, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहायला घेतला.

दीड वर्षापूर्वी मी आणि माझ्या बायकोने एकाच दिवशी रक्त तपासले. दोघांचीही साखर हद्दीवर. डॉक्टरांनी दोघांना एकच सल्ला दिला, "रोज अर्धा तास चाला." भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या उंबरठ्यावर आम्ही नवरा-बायको जोडीने उभे होतो.

मी दुसऱ्या दिवसापासून फजरनंतर चालू लागलो. मैदानाला चार फेऱ्या, येताना टपरीवर बिनसाखरेचा चहा, चार मित्रांशी गप्पा. सहा महिन्यांनी माझी साखर खाली आली. तिची वाढली. मी तिला म्हणालो, "तू मनावरच घेत नाहीस." तिने शिलाई मशीनवरून मान वर न करता उत्तर दिले, "तुमारा क्या, चपलां पैने और निकले. मेरेकू पूछनेवाले कित्ते!"

मी गप्प झालो. मग तिचा दिवस पहिल्यांदा नीट पाहिला. फजरनंतरची वेळ मुलांच्या डब्याची. त्यानंतर घरकाम, आणि दुपारपासून मशीन. ती फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते, सहा तास तरी बसून. गल्लीतल्या इतर बायकांचेही असेच, कोणाच्या मांडीवर विड्यांचे सूप, कोणाच्या मांडीवर जरीचे काम. आपण म्हणतो, बायका दिवसभर राबतात, त्यांना वेगळे चालायची गरज काय? राबतात हे खरे. पण ते राबणेही आता पुष्कळसे बसूनच आहे. दमणे आणि चालणे यांत फरक आहे. ती रात्री दमून झोपते आणि तिची पावले हजारभरही झालेली नसतात.

चालायचे म्हटले तर कुठे? मोहल्ल्यात बाग नाही. फुटपाथवर गाड्या आणि हातगाड्या. पहाटे कुत्री. मैदानावर मुलांचे क्रिकेट. आणि सगळ्यात अवघड म्हणजे प्रश्न. "भाभी, सकाळी सकाळी कुठे?" बाजाराला निघालेल्या, दवाखान्यात निघालेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. काहीही काम नसताना, फक्त स्वतःच्या तब्येतीसाठी रस्त्यावर आलेली बाई मात्र आपल्या नजरेत बसत नाही. बाहेरच्या लोकांना वाटते अडचण बुरख्याची आहे. बुरखा घालून माझी बायको भर उन्हात अख्खा बाजार पालथा घालते. अडचण आपल्या प्रश्नाची आहे.

हे एका मोहल्ल्याचेच आहे असेही नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीनुसार २००० साली भारतातले सुमारे २२ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २०२२ मध्ये हा आकडा जवळपास ५० टक्क्यांवर गेला. त्यातही पुरुष सुमारे ४२ टक्के आणि स्त्रिया सुमारे ५७ टक्के. हा पंधरा टक्क्यांचा फरक बायकांच्या आळसामुळे पडलेला नाही. डॉक्टरांचा सल्ला दोघांना सारखाच मिळतो, रस्ता सारखा मिळत नाही.

आणि याची सुरुवात शाळेत होते, हे कबूल करायला मला जड जाते. बी.एड.ला आम्ही वर्गनियंत्रण शिकलो. माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच झाला की मुले जागेवरून हलता कामा नयेत. वीस वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द बहुधा "बस" हाच असेल. दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास मराठी व्याकरणासाठी मी कितीदा मागून घेतला आहे. मुलांनी कुरकूर केली, मुलींनी केली नाही. मला वाटले मुली अभ्यासू. खरे तर खेळाच्या तासालाही त्या मैदानाच्या कडेला झाडाखाली बसूनच असत. पाचवीपर्यंत लंगडी, खो-खो खेळणाऱ्या मुली आठवीत कडेला जाऊन बसतात. त्यांना तसे कोणी तोंडाने सांगत नाही आणि उठाही कोणी म्हणत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर चांगली धावपळ हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी तर त्यांचा आठवड्यातला एक तासही काढून घेत होतो. आज मशीनवर बसलेली माझी बायको आणि माझ्या वर्गातली आठवीची मुलगी, दोघींना बसवण्यात माझा हात आहे.

मी दोन भाषा शिकवतो, म्हणून एक गंमत सांगतो. मराठीत जेवणानंतर फेऱ्या मारण्याला शतपावली म्हणतात, शंभर पावले. उर्दूत चहलकदमी म्हणतात. हा चहल फारसीतल्या 'चिहिल'वरून आला, म्हणजे चाळीस. चाळीस पावले! एका भाषेने शंभर मागितली, दुसरीने चाळीसवर भागवले. पण जेवून लगेच आडवे व्हायचे नाही, हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना पक्के ठाऊक होते. आजचे शास्त्रही तिथेच येते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले तरी रक्तातली साखर कमी चढते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

आम्ही याच शब्दाचा आधार घेतला. पहाट तिला शक्य नव्हती, म्हणून इशानंतरची वेळ ठरली. अडथळा एकच होता. जेवण झाले की भांडी तिची वाट पाहत असत. ती मी आणि मुलाने वाटून घेतली. पहिल्या आठवड्यात मी तिच्याबरोबर चाललो. मग शेजारच्या दोघी आल्या, मग तिसरी. आता चौघी मिळून जातात आणि "कुठे निघालात?" म्हणणाऱ्यांना "चहलकदमीला" म्हणून सांगतात. शब्द ओळखीचा असल्यामुळे असेल, पुढचा प्रश्न येत नाही. दिवसा मशीनवर एक ब्लाउज झाला की ती उठून पाणी पिऊन येते, जिना एकदा चढून उतरते. या वेळच्या तपासणीत तिची साखर वाढलेली नव्हती. चमत्कार झाला असे मी म्हणत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या आणि पथ्यही सोबत आहेच.

बसणे काहींना टाळता येणारच नाही. शिंप्याला, विडी कामगाराला, कारकुनाला पोटासाठी बसावेच लागते. त्यांच्यासाठी दिलाशाची गोष्ट आहे. २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. दिवसाचे आठ तास बसूनही जे रोज तास-सव्वा तास झपझप चालत होते किंवा तितकेच श्रम करत होते, त्यांच्यात बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळपास उरला नव्हता. तास जमत नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. काहीच न करण्यापेक्षा थोडेही बरे. छातीत दुखणे, दम लागणे असे काही असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

पण सगळा भार एकेकट्या माणसावर टाकून चालणार नाही. मशिदीच्या विश्वस्तांनी जुम्म्याच्या बयानात एकदा तरी हा विषय घ्यावा, आणि जवळच्यांनी पायी यावे असे सांगावे. शाळांची मैदाने संध्याकाळी कुलपात असतात, ती तासभर मोहल्ल्यातल्या बायकांसाठी उघडावीत. तसा अर्ज मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापनाकडे दिला आहे, उत्तराची वाट पाहतो आहे. खेळाचा तास मागणे मी बंद केले आहे. व्याकरणाच्या तासात आता मुलांना उभे करून, फळ्यापर्यंत चालवून वाक्ये लिहून घेतो. वर्गात थोडा गलका होतो, होऊ दे.

आणि माझ्या वयाच्या भावांना एक विनंती. आज रात्री जेवण झाल्यावर मोबाइल उचलण्याआधी दस्तरखान उचला, भांड्यांना हात लावा. घरातल्या बाईची चाळीस पावले त्या दहा मिनिटांवाचून अडलेली आहेत.