सार्वजनिक इमारती व प्रकाशमूर्ति

अलीकडे मोठ्या शहरांत उत्सवाच्या दिवशीं सार्वजनिक इमारतींवर प्रकाशाचीं चित्रें उमटविण्याची प्रथा पडत चालली आहे. त्यांतील कांहीं चित्रें तर हवेंत उभीं असल्यासारखीं दिसतात, आणि लोक त्यांस ‘हॉलोग्राम’ म्हणतात. हा प्रकार स्तुत्य कीं केवळ भपका, याविषयीं आमचे विचार थोडक्यांत मांडण्याचा हेतु आहे.

प्रथम नांवाचा खुलासा केला पाहिजे. खरा हॉलोग्राम डेनिस गाबोर या हंगेरियन शास्त्रज्ञानें इंग्लंडांत १९४७ सालीं शोधून काढिला, व त्याबद्दल १९७१ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. साध्या छायाचित्रांत प्रकाशाची केवळ तीव्रता नोंदली जाते. हॉलोग्रामांत प्रकाशलहरींची कलाही नोंदली जाते. म्हणून पाहणारा किंचित् बाजूस सरला कीं वस्तूची दुसरी बाजू दिसूं लागते. इमारतींसमोर जें दाखवितात तें बहुधा निराळें असतें: पारदर्शक पडद्यावर प्रक्षेपकानें टाकिलेलें चित्र. लंडन येथें १८६२ सालीं पेपर नांवाच्या व्याख्यात्यानें कांचेच्या साहाय्यानें रंगभूमीवर भूत दाखविलें होतें. त्या खेळाशींच याचें नातें अधिक जवळचें आहे. यांत कमीपणा नाहीं. परंतु वस्तूस तिच्या खऱ्या नांवानें हांक मारावी.

आपल्या देशांतील प्रसिद्ध उदाहरण दिल्लीचें. इंडिया गेटजवळील ज्या छत्रींतून पंचम जॉर्ज बादशहांचा पुतळा १९६८ सालीं हलविण्यांत आला, ती पुढें अनेक वर्षें रिकामीच होती. तेथें २३ जानेवारी २०२२ रोजीं नेताजी सुभाषचंद्र बोस यांची २८ फूट उंच व ६ फूट रुंद प्रकाशमूर्ति प्रकट झाली. प्रक्षेपक ३०,००० ल्युमेनचा. पडदा शेंकडा ९० पारदर्शक. विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करावें. हा सर्व प्रकाश त्या आकृतीवरच पडला असें धरिलें, तरी दर चौरस मीटरास सुमारें १,९०० ल्युमेन येतात. भर दुपारच्या उन्हाचें मान याच्या सुमारें पन्नासपट असतें! तेव्हां प्रकाशमूर्ति ही रात्रीची पाहुणी होय.

आमच्या मतें तिचें योग्य स्थानही यावरूनच ठरतें. दिल्लीची मूर्ति हें एक वचन होतें. ८ सप्टेंबर २०२२ रोजीं तेथें ग्रॅनाइटचा तितकाच उंच पुतळा उभा राहिला आणि वचन फिटलें. अफगाणिस्तानांत बामियान येथें २००१ सालीं बुद्धाच्या प्रचंड मूर्ती स्फोटकांनीं उडविण्यांत आल्या. २०१५ च्या जून महिन्यांत एका चिनी दांपत्यानें थोरल्या मूर्तीच्या रिकाम्या कोनाड्यांत प्रकाशाची मूर्ति उभी केली. तो शोक होता, आणि स्मरणही. दोन्ही ठिकाणीं, जें तेथें नाहीं त्याची जाणीव प्रकाशानें करून दिली. त्यानें कांहीं झांकलें नाहीं.

परंतु ज्या इमारतीचें छप्पर गळतें, जिच्या वाचनालयांत दिवसाहि अंधार असतो, तिच्या दर्शनी भिंतीवर लाखों रुपयांचा प्रकाश ओतणें म्हणजे दिव्याखालीं अंधार. कोणी म्हणेल, लोकांचें मन रमतें, प्रवासी येतात, व्यापार वाढतो. हें खरें आहे. आणि गरिबांस फुकट पाहावयास मिळणारी कला थोडी नव्हे. म्हणून आम्ही निषेध करीत नाहीं. कांहीं अटी मात्र घालूं इच्छितों. इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च आधीं मंजूर व्हावा. जुन्या दगडास एकही खिळा मारूं नये. ठराविक वेळीं दिवे मालवावे. कारण पक्षी, कीटक व शेजारचीं झोंपलेलीं मुलें यांचाही रात्रीवर हक्क आहे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें स्थापत्यकार होईल, कोणी विद्युत्-अभियंता, कोणी नगरसेवक. अशी योजना हातीं आली असतां त्यानें एकच प्रश्न विचारावा: सकाळीं दिवे मालवल्यावर तेथें काय शिल्लक राहील? भक्कम भिंत व सर्वांस उघडा दरवाजा राहणार असेल, तर रात्रीं प्रकाश खुशाल पाडावा.