भिंत सरळ असते, हा समज

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर भुईकाट्यावर दोनदा चढतो, एकदा भरलेला आणि एकदा रिकामा. कपाटासाठी खोली मात्र बहुधा एकदाच, तीही कमरेच्या उंचीवर मोजली जाते. हाताने केलेल्या गिलाव्याची जाडी खाली-वर सारखी नसते. म्हणून दोन भिंतींमधली रुंदी जमिनीलगत, मध्ये आणि छताखाली घ्यावी आणि सर्वांत लहान माप धरावे. 9 बाय 12 फुटांच्या खोलीचा कर्ण 15 फूट भरला नाही, तर कोपरे काटकोनात नाहीत. ‘सुतार पट्टी मारून घेईल’ हा आक्षेप अर्धाच खरा: पट्टी दोन सुतांची फट झाकते, पण बाहेरून तयार होऊन आलेले, दोन सूत जास्तीचे कपाट आत जातच नाही. उंची तर त्याहून फसवी. 9 फूट उंच, 2 फूट खोल कपाट आडवे जोडून उभे करताना त्याच्या बाजूचा कर्ण सुमारे 9 फूट अडीच इंच लागतो; 9 फूट 1 इंचाच्या छताखाली ते उभे राहणार नाही, मग उंचीचे माप सुतापर्यंत बिनचूक का असेना.