काढाही यादीत लिहा

डॉक्टर विचारतात, "आणखी काही औषधं चालू आहेत का?" आपण म्हणतो, "नाही, बाकी काही नाही." ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या दवाखान्यांत रोज कितीदा तरी दिलं जाणारं हे उत्तर पुष्कळदा खरं नसतं. फसवायचा हेतू नसतो. सकाळचा गुळवेलीचा काढा, गुडघ्यांसाठीचा गुग्गुळ, होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या, शेजारच्या काकूंनी आणून दिलेली अश्वगंधा, ही आपल्या लेखी औषधंच नसतात. वैद्यांकडे गेलं की उलटं होतं. तिथे इंग्रजी गोळ्यांची नावं आठवत नाहीत. "ती छोटी पांढरी हो, सकाळी घ्यायची," एवढ्यावर भागवलं जातं.

आपल्या भागातलं कुठलं घर एकाच पॅथीवर चालतं? इमारतीखालचे फॅमिली डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस, हाडांचे डॉक्टर नौपाड्यात, पित्तासाठी वैद्य कल्याणच्या रामबागेत, आणि जोडीला अंबिका योग कुटीर किंवा घंटाळी मित्र मंडळाचा योगवर्ग. ही सरमिसळ आजची नाही. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली, तेव्हा प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पाश्चात्त्य वैद्यक शिकायला समुद्र ओलांडून गेलेल्या त्या बाईंना घरचं ज्ञान लपवावंसं वाटलं नाही. त्यांनी ते परीक्षकांपुढे लिहून ठेवलं. आपण मात्र डॉक्टरांपुढे काढ्याचं नाव काढत नाही.

म्हणून ही विनंती. कुठलीही पॅथी सोडा असं मी म्हणत नाही. जे जे पोटात जातं त्याची एकच यादी करा, ती मोबाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना, प्रत्येक वैद्यांना त्यांनी विचारण्याआधीच दाखवा.

यात एवढं काय बिघडतं, असं वाटत असेल तर डोंबिवली पूर्वेच्या एखाद्या पासष्टीच्या आजींचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे उपाशीपोटी थायरॉईडची गोळी. पाठोपाठ पोट साफ व्हावं म्हणून इसबगोल. आता इसबगोल त्या गोळीचं शोषण कमी करू शकतो. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, कारण इसबगोल घेतात हेच कुणाला ठाऊक नाही. मग थकव्यासाठी अश्वगंधा. ती थायरॉईडची पातळी वाढवू शकते. तपासणीत आकडे वरखाली होतात आणि डॉक्टर गोळीचा डोस बदलत बसतात. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा महिनाभर चालू आहे. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो, अंगातलं पोटॅशियम कमी होतं, आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी घसरतं. शुगरच्या गोळीबरोबर कारल्याचा रस आणि मेथीची पूड घेतली तर कधी साखर नको इतकी खाली जाते आणि दुपारी घाम फुटून हातपाय थरथरतात. घरचे म्हणतात, ऊन लागलं असेल.

यातली कुठलीही वस्तू वाईट नाही. प्रत्येकीचा काही गुण आहे, म्हणूनच तर तिचा परिणाम होतो. आणि जिचा परिणाम होतो तिची नोंद हवी. हृदयाचं काही झाल्यामुळे रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर लसणाच्या किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना कळल्याच पाहिजेत. आमटीतली हळद नव्हे, घाबरू नका. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना यादीतली ओळ न् ओळ दाखवा.

होमिओपॅथीच्या गोळ्यांचं वेगळं आहे. त्यातलं औषध इतकं विरळ केलेलं असतं की दुसऱ्या गोळीशी झगडा होण्याची शक्यता सहसा नसते. तिथे धोका असतो तो मुख्य औषध परस्पर बंद करण्याचा. दम्याचा पंप किंवा फिटची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून थांबवली, तर ते दोन्हीकडच्या डॉक्टरांना माहीत असायला हवं.

नोंद नसली की काय होतं, ते करोनाच्या काळात मुंबईत दिसलं. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत यकृताला इजा झालेले काही रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी पाहिले. ते सगळे प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि वाद पेटला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती हे तपासलेलं नाही. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल असू शकते. पुढे आणखी रुग्णालयांनी आपापले रुग्ण मांडले, वाद चालूच राहिला. त्यात कोण बरोबर, हा निवाडा इथे करायचा नाही. पण माणूस आजारी पडल्यावर त्याने नेमकं काय घेतलं, कुठून आणलं, किती दिवस घेतलं, हे विचारायची वेळ येते आणि उत्तर असतं, "सोसायटीतल्या कुंपणावर वेल होती, तिचं खोड उकळायचो." यावर ना वैद्य काही ठामपणे बोलू शकत, ना यकृताचे डॉक्टर.

लपवण्याची ही सवय फक्त आपली नाही. अमेरिकेत संशोधक डेव्हिड आयझेनबर्ग यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे पर्यायी उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांनी ते आपल्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. आपल्याकडचं एक कारण ओळखीचं आहे, ओरडा बसेल ही भीती. इथे डॉक्टरांनाही एक शब्द सांगायला हवा. रुग्णाने काढ्याचं नाव काढताच "आधी ते सगळं बंद करा" असं झिडकारलंत, तर पुढच्या वेळी तो काढा बंद करणार नाही, सांगणं बंद करेल. वैद्यमंडळींचाही यात वाटा आहेच. बिननावाच्या पुड्या देण्याची पद्धत आता सोडायला हवी.

आता मोबाइलचा भाग. केंद्र सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला चौदा आकडी आभा क्रमांक काढता येतो. तो फुकट असतो आणि सक्तीचा नसतो. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि काही मिनिटांत काम होतं. सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर करतो. आभा म्हणजे पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड नव्हे. आभावर एक रुपयाही मिळत नाही. ती फक्त तुमच्या आरोग्याच्या कागदांना जोडणारी खूण आहे. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्जचा कागद हे ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि तुम्ही परवानगी दिली तरच दुसरा डॉक्टर ते पाहू शकतो. परवानगी किती काळाची, कोणत्या कागदांची, हे तुम्ही ठरवता. नंतर ती काढूनही घेता येते.

या व्यवस्थेत आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, सिद्ध या पद्धतींच्या डॉक्टरांनाही नोंदणी करता येते, आणि माझ्या दृष्टीने हाच तिचा खरा उपयोग आहे. शिवाय आयुष मंत्रालयाने आपल्या रुग्णालयांसाठी ए-एचएमआयएस ही संगणकप्रणाली आणली, तर २०१७ मध्ये नमस्ते पोर्टलवर आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या व्याधींना ठरावीक संज्ञा आणि संकेतांक दिले. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात या तिन्ही पद्धतींसाठी वेगळा विभाग जोडला. वैद्यांनी कागदावर 'आमवात' लिहिलं तर संगणकाला आता ते निव्वळ हस्ताक्षर राहत नाही, मोजता येणारी नोंद होते.

आपल्याकडे या शिस्तीचं मूळ संगणकाच्याही आधीचं आहे. डॉ. एम. एल. ढवळे यांनी होमिओपॅथीच्या रुग्णांसाठी ठरावीक रचनेची प्रमाणित केस-नोंदवही तयार केली. त्यांच्या नावाचा ट्रस्ट आज पालघरला रुग्णालय आणि महाविद्यालय चालवतो, आणि पालघर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पुण्यात सी-डॅकने आयुर्वेदाच्या ग्रंथांवर आधारलेलं आयुसॉफ्ट बनवलं. म्हणजे पूरक उपचारांचं आणि संगणकाचं वाकडं आहे, हा समज सोडून द्या.

पण सरकारी व्यवस्था तुमच्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत येईपर्यंत थांबायचं कारण नाही. तुमचे वैद्य आभाला जोडलेले नसले तर यादी तुम्हीच करा. रविवारी दुपारी फ्रिजच्या वरचा, देवघराशेजारचा आणि उशाशी ठेवलेला, असे तिन्ही डबे टेबलावर ओता. प्रत्येक बाटलीचा फोटो दोन बाजूंनी काढा. समोरून नाव, मागून घटक, कंपनीचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर हे सगळं छापलेलं असायला हवं. नसेल तर ते औषध घ्यायचं की नाही याचा विचार करा. सांधेदुखीवर "दोन दिवसांत गुण" म्हणून मिळणाऱ्या बिननावी चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. धातू-खनिजं वापरून केलेल्या रसौषधींत शिशाचं प्रमाण नीट सांभाळलेलं नसलं तर ते रक्तात साठतं. ती औषधं जाणत्या वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावीत, आणि त्यांचं नाव यादीत सर्वांत वर ठेवावं.

पुडी असेल तर वैद्यांना सरळ विचारा, "वैद्यबुवा, यात काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहून द्याल का? हॉस्पिटलात दाखवायला लागतं." चांगला वैद्य यात अपमान मानत नाही. घरच्या काढ्यासाठी काय घातलं, किती घातलं आणि कधीपासून चालू आहे, एवढ्या तीन गोष्टी मराठीत टिपा. मग हे फोटो आणि टिपण आभा अॅपमध्ये किंवा डिजिलॉकरमध्ये चढवा. ते जमत नसेल तर फोनच्या गॅलरीत 'औषधं' नावाचा अल्बम करा. तोही चालेल, फक्त फोन हरवला तर तो जातो. आणि छापील प्रत पाकिटात ठेवायला कुणी मनाई केलेली नाही. अपघातात फोनचं कुलूप उघडायला बोट तुमचंच लागतं.

आई-बाबा डोंबिवलीत आणि मुलं बंगळुरू किंवा न्यू जर्सीत, अशी घरं आपल्याकडे भरपूर. हे काम त्या मुलांनी व्हिडिओ कॉलवर करून द्यावं. "आई, पथ्य पाळतेस ना?" असं विचारण्यापेक्षा "आई, डबा कॅमेऱ्यासमोर धर" हे जास्त उपयोगाचं. एकाच मोबाइल क्रमांकावर घरातल्या एकाहून अधिक जणांचा आभा काढता येतो, त्यामुळे आजोबांकडे साधा फोन असला तरी अडत नाही.

आयुष उपचारांवर विम्याचा दावा करणाऱ्यांना तर हे कागद हवेतच. विमा नियामकाच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने धरायचं आहे. पण पंचकर्मासाठी दाखल झालेल्याचे कागद अपुरे असतील तर दावा अडकतो, मग पॅथी कुठलीही असो.

थोडं सावधपणाचं. ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका, 'आभा केंद्रातून बोलतोय' म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. औषधांचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तुमच्या मनाच्या आजाराची गोळी तिसऱ्या मजल्यावरच्यांना कळायचं कारण नाही. आणि अॅपने प्रकृती वात-पित्त सांगितली म्हणून औषध बदलू नका. २०२४ च्या अखेरीस सरकारने प्रकृती परीक्षणाची मोहीम काढली, त्यात एक कोटीहून अधिक लोकांची परीक्षा झाली. आपली प्रकृती कळणं चांगलंच, पण उत्तर वाचून औषध ठरवायला समोर वैद्य बसलेला लागतो.

शेवटची गोष्ट फारच थोडे लोक करतात. एखादं औषध घेतल्यावर पुरळ आलं, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर नुसतं बंद करून गप्प बसू नका. पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि यादी पुढे ठेवा. मग त्रासाची तक्रार नोंदवा. कुठल्याही औषधाच्या दुष्परिणामासाठी १८००-१८०-३०२४ हा फुकट क्रमांक आहे. आयुष औषधांसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत राष्ट्रीय केंद्र आहे, आणि २०२५ मध्ये आयुष सुरक्षा नावाचं पोर्टलही सुरू झालं. तिथे बाटलीचा बॅच क्रमांक विचारतील. म्हणून रिकामी बाटली रद्दीवाल्याला देण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा, आणि यादीवर शेवटचा बदल कधी केला ती तारीख घाला.