उंची... पण कुठून?

मंडळी, ड्रोनच्या फोटोंचा नकाशा बनवताना भोकं पडली की आपण आयटीवाले काय करतो? सेटिंग्ज ढवळतो! वेबओडीएममध्ये फीचर क्वालिटी 'अल्ट्रा' करायची, फोटोमागे 10 हजारांऐवजी 40 हजार फीचर्स मागायची, आणि मग रात्रभर लॅपटॉपचा पंखा घरघरतोय... माझं मत विचाराल तर आधी उंची बघा.

ड्रोनला सांगितलेले 100 मीटर सहसा उड्डाणाच्या जागेपासून मोजतात. पायथ्याशी उडवला आणि समोरची टेकडी 50 मीटर चढली, की माथ्यावर उरले 50च. फोटोत मावणारी जमीन लांबी-रुंदीला निम्मी, म्हणजे 75 टक्के ओव्हरलॅप थेट 50 वर. सॉफ्टवेअर बापडं जोडणार काय? न काढलेला फोटो कुठल्याच सेटिंगने येत नाही. टेरेन फॉलो लावा, नाहीतर टेकडीसाठी वेगळं उड्डाण करा.

दुसरी गंमत म्हणजे जीपीएसची मूळ उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून असते, समुद्रसपाटीपासून नाही. पुण्याकडे हा फरक साठेक मीटरचा! नाल्याची पूररेषा आखणाऱ्याला हा घोळ कसा परवडेल?

म्हणून सॉफ्टवेअरने नुसतं 'उंची किती?' विचारू नये, 'कुठून?' हेही विचारावं. तोवर आपणच विचारायचं. असो!